सिस्टरांचे झगे शिवणारे मास्तर

वसईत चर्चकडे जाणाऱ्या एका रस्त्यावर शिलाईचं जुनं दुकान आहे. बाहेर काचेत लग्नाचे आणि पहिल्या कम्युनियनचे पांढरे गाऊन टांगलेले असतात आणि आत एका दांडीवर आमचे झगे. आम्ही कॅथलिक धर्मभगिनी, म्हणजे सिस्टर. गेली काही वर्षं आमच्या कॉन्व्हेंटचं, म्हणजे आम्ही राहतो त्या मठाचं, सगळं शिवणकाम इथेच होतं. कपड्यांची व्यवस्था माझ्याकडे असल्यामुळे मापापासून दुरुस्तीपर्यंत दुकानात जाणं माझंच. दुसऱ्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर भेटल्या की हमखास विचारतात, "तुम्ही कुठे शिवता?" म्हणून एकदा सविस्तर लिहिते. दुकानाचं नाव देत नाही, कारण मास्तरांनीच नको म्हटलंय. हाताखाली दोन कारागीर आहेत आणि दारात आलेलं काम परत पाठवणं त्यांना जड जातं.

बघणाऱ्याला वाटतं, सिस्टरचा झगा म्हणजे काय, एक लांब पांढरा अंगरखा, कोणीही शिवेल. पण हा कपडा पहाटे प्रार्थनेला जाताना अंगावर चढतो तो रात्री झोपताना उतरतो. स्वयंपाकाला तोच, वर्गात तोच, चर्चगेटच्या गाडीतही तोच. इतर बायका घरी एक घालतात, कामावर जाताना दुसरं, समारंभाला तिसरं. आमचं सगळं एकाच कपड्यावर. म्हणून गाऊन शिवण्यात हात बसलेला शिंपीसुद्धा आमच्या कामात अडतो. यांच्याआधी आम्ही जिथे शिवायचो तिथे अंगावर बसण्याकडे फार लक्ष असायचं. आरशासमोर उभं राहिलं की झगा सुरेख दिसायचा, पण फळ्यावर लिहायला हात वर गेला की कमरेपासूनचा सगळा घेर वर ओढला जायचा. दोन धुण्यांत उंचीही आटायची.

मास्तरांची पद्धत वेगळी. माप घ्यायच्या आधी ते विचारतात, "सिस्टर, तुमचा दिवस कसा असतो? उभं राहायचं काम की बसायचं? जिने किती? गाडी चालवता का?" सगळं वहीत लिहितात. माप मात्र ते घेत नाहीत, त्यांची सून आतल्या खोलीत पडदा ओढून घेते. हे आम्हाला फार बरं वाटतं, विशेषतः नवीन आलेल्या मुलींना.

या प्रश्नांमधून काय बदलतं ते सांगते. शाळेतल्या सिस्टरांच्या झग्याला बगलेत एक छोटी चौकोनी कळी लावतात. हात पूर्ण वर नेला तरी खालचा घेर जागचा हलत नाही. दवाखान्यात काम करणाऱ्यांची बाही कोपरापर्यंतच ठेवतात, कारण त्यांना दिवसभरात असंख्य वेळा हात धुवावे लागतात आणि लांब बाहीचा काठ ओला होऊन रुग्णाच्या अंगाला लागणं बरोबर नाही. चॅपेलमध्ये (मठातल्या प्रार्थनाघरात) त्यांना पूर्ण बाही हवी असते, म्हणून मास्तरांनी त्यांच्या एका झग्याला लांब बाही, आतून पट्टी आणि बाहेर बटण अशी सोय केली. बाही दुमडून पट्टी बटणात अडकवली की कितीही धावपळ झाली तरी खाली येत नाही. शाळेत वरच्या मजल्यावर वर्ग असलेल्या सिस्टरांचा पुढचा काठ बोटभर वर घेतात. दोन्ही हातांत वह्यांचे गठ्ठे असताना जिना चढायचा तर झगा उचलून धरायला हात मोकळा नसतो.

आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सगळ्यात वयस्कर सिस्टर नव्वदीकडे झुकल्या आहेत आणि पाठीला बाक आलाय. साध्या मापाचा झगा त्यांना पुढून जमिनीवर लोळायचा आणि मागून पोटरीच्या वर चढायचा. घरात पाय अडकून पडण्याची मला सतत भीती. मास्तरांनी त्यांना दुकानात बोलावलंच नाही, सुनेला घेऊन स्वतः कॉन्व्हेंटमध्ये आले. सुनेने त्यांची उंची पुढून वेगळी, पाठीच्या बाकावरून वेगळी मोजली. झगा पुढून पूर्ण उघडणारा केला, कारण त्यांचा उजवा खांदा वर जात नाही आणि डोक्यावरून कपडा घालणं म्हणजे रोज सकाळी दुखणं. बटणं मोठी आणि काजं आडवी, थरथरत्या बोटांनाही जमतील अशी. आता त्या कोणाच्याही मदतीशिवाय कपडे घालतात. त्यांच्यासाठी हे केवढं मोठं आहे, ते त्यांच्याजवळ राहिल्याशिवाय कळायचं नाही.

याच सिस्टर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या साठच्या दशकातल्या जागतिक सभेच्या, आधी धर्मसंघात आलेल्या. तेव्हाचा वेष त्या सांगतात तेव्हा नवीन मुली ऐकतच राहतात. युरोपातल्या हिवाळ्यासाठी ठरवलेलं जाड कापड इथल्या मे महिन्यात अंगावर. कपाळावर आणि हनुवटीखाली खळ घालून कडक केलेली पांढरी पट्टी. घामाने ती मऊ पडायची आणि वाळली की तिची कड गळ्याला कापायची. बाजूचं दिसायचं नाही, रस्ता ओलांडताना सगळी मानच वळवावी लागायची. दर आठवड्याला त्या पट्ट्यांना खळ आणि इस्त्री करण्यात अर्धा दिवस जायचा. जगभर हीच कथा होती. डॉटर्स ऑफ चॅरिटी यांची दोन्ही बाजूंना पसरलेली ती प्रसिद्ध कडक पांढरी टोपी २० सप्टेंबर १९६४ रोजी उतरली, तोवर त्या सिस्टर तीच घालून आजाऱ्यांची सेवा करत होत्या. पुढच्याच वर्षी, २८ ऑक्टोबर १९६५ ला, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा संन्यस्त जीवनाविषयीचा आदेश आला. त्यातलं सतरावं कलम वेषाबद्दल आहे. वेष साधा, शालीन, गरिबीला साजेसा तरीही शोभेसा असावा, आरोग्याला मानवणारा असावा आणि काळ, स्थळ व सेवेच्या गरजेप्रमाणे असावा, असं त्यात सांगितलंय. मास्तरांच्या वहीतले प्रश्न वाचताना मला दर वेळी हेच कलम आठवतं. आमच्यापैकी कितीतरी संस्थांनी त्यानंतर साडी घेतली, खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या काही सिस्टर सलवार-कमीज घालतात. आमच्या संस्थेने झगा ठेवला, पण तो पोटरीपर्यंत आणला आणि कपाळ, गळा मोकळा केला.

कापडाविषयी मास्तरांचा सल्ला ऐकावाच. आम्ही टेरीकॉट वापरतो, अठ्ठावन्न इंच पन्ह्याचं, एका झग्याला साधारण साडेतीन मीटर. टेरीकॉट पावसाळ्यासाठी बरं. वसईचा पाऊस, दोरीवर दोन-दोन दिवस न वाळणारे कपडे आणि तो कुबट वास ज्यांनी अनुभवलाय त्यांना कारण सांगायला नको. रात्री धुऊन पंख्याखाली टाकलेला टेरीकॉटचा झगा सकाळी अंगात घालता येतो. सुती झग्याला खळ हवी, इस्त्री हवी आणि आकाशही कोरडं हवं. पण उन्हाळ्यात टेरीकॉटमध्ये जीव घुसमटतो, पाठीवर घामोळं उठतं. म्हणून प्रत्येकीला दोन टेरीकॉट आणि एक सुती असा हिशेब आम्ही बसवलाय.

एका गोष्टीवर मास्तर अडून बसले आणि मला ते पटलं. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या सिस्टरांचे तिन्ही झगे त्यांनी सुतीच शिवले. टेरीकॉटसारखं पॉलिस्टर मिसळलेलं कापड ज्योतीजवळ गेलं की वितळतं आणि कातडीला चिकटतं. कॉन्व्हेंटच्या मोठ्या शेगडीसमोर वाकून भात उपसणाऱ्या बाईच्या अंगावर ते असूच नये. वेल, म्हणजे आमचं डोक्यावरचं वस्त्र, मागे बांधता यावा म्हणून त्यांच्या झग्याच्या मानेपाशी एक नाडीही लावून दिली. प्रत्येक कॉन्व्हेंटने एवढं तरी करावं, माझी अगदी मनापासून विनंती आहे.

कापड मास्तरांकडे आधी नेऊन द्यावं लागतं. ते रात्रभर पाण्यात भिजवतात, सावलीत वाळवतात, मगच कात्री लावतात. त्यामुळे झगा नंतर आटत नाही. पांढऱ्याच्या छटांची त्यांना चांगली जाण आहे. पांढरं म्हटलं तरी एका ताग्याचं निळसर असतं, दुसऱ्याचं दुधी, आणि सणाच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) सगळ्या एका रांगेत उभ्या राहिल्या की तो फरक डोळ्यांत भरतो. मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या सिस्टरांच्या निळ्या काठाच्या साड्या कोलकात्याजवळ टिटागढला त्यांच्याच केंद्रात कुष्ठरोगातून उठलेली माणसं विणतात, त्यामुळे सूत, वीण आणि रंग त्यांच्याच देखरेखीखाली. आम्हाला बाजारात मिळेल ते घ्यावं लागतं. मास्तर जुन्या ताग्याचा तुकडा वहीला टाचून ठेवतात आणि नवीन कापड दारात, उजेडात नेऊन त्याच्याशी ताडून बघतात. शक्यतो सगळ्यांचं कापड एकदमच घ्यायला लावतात.

खिशांबद्दल तर मी कितीही लिहीन. आमच्याकडे पर्स नसते, जे काय असेल ते खिशात. रोझरी (जपमाळ), किल्ल्यांचा जुडगा, रुमाल, खडू, चष्मा आणि आता मोबाईल. अस्तराच्या कापडाचा खिसा महिन्याभरात फाटतो आणि मोबाईलच्या वजनाने झगा एका बाजूला खेचला जाऊन काठ तिरका दिसतो. मास्तर खिसा दुहेरी मांजरपाटाचा करतात आणि वरच्या बाजूने एक पट्टी नेऊन कमरेच्या शिवणीत अडकवतात. वजन कमरेवर येतं, बाजूची शिवण मोकळी राहते. उजव्या खिशात आत एक छोटा कप्पा असतो, फक्त रोझरीपुरता. प्रार्थनेच्या वेळी हात घातला की किल्ल्यांमध्ये गुंतलेली माळ सोडवत बसावं लागत नाही. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. एका सिस्टरच्या फाटक्या खिशातून गुंता बाहेर आलेला त्यांनी पाहिला आणि पुढच्या झग्यापासून कप्पा सुरू झाला.

आता वेल. इथे दुकान कमी पडतं, हे स्पष्ट सांगायला हवं. पहिल्या वर्षी त्यांनी पुढच्या पांढऱ्या पट्टीत बकरम (कडक अस्तर) घातलं. ते धुतल्यावर मुरडलं, कपाळावर एक बाजू वर आणि एक खाली. मग इलॅस्टिक लावलं, तर संध्याकाळपर्यंत डोकं ठणकायचं आणि कानांमागे वळ उठायचे. टाचण्यांचा जुना मार्ग होताच, पण घामाने टाचण्या गंजतात आणि पांढऱ्या पट्टीवरचे तांबूस डाग लिंबू-मीठ चोळूनही पुरते जात नाहीत. शिवाय गाडीच्या गर्दीत कोणाच्या पिशवीत वेलाचं टोक अडकून ओढलं गेलं की टाचणी थेट टाळूत. आत्ता जे चाललंय ते बरंच बरं आहे: पट्टी नुसत्या दुहेरी सुती कापडाची, मागे मानेपाशी दोन प्लास्टिकची टिचबटणं, आणि आतून दोन बाजूंना केसांच्या क्लिपा अडकवायला छोटे फासे. कोणी ओढलं तर टिचबटण सुटतं, डोकं ओढलं जात नाही. वेलाच्या कडेची शिलाई मात्र अजूनही नीट येत नाही. पातळ काळ्या कापडावर मशीनची टीप चुण्या पाडते. दोन-तीनदा सांगूनही फरक नाही, म्हणून वेलांचे काठ मी हल्ली स्वतः हाताने दुमडते. काळ्या रंगाचाही प्रश्न आहे. उन्हात वाळवलेला वेल वर्षभरात तपकिरी दिसायला लागतो, त्यामुळे तो उलटा करून सावलीतच वाळवावा.

आमच्या दोन सिस्टर पाड्यांवरच्या कामासाठी स्कूटर चालवतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे हेल्मेट सक्तीचं आहे. पगडी घातलेल्या शीख माणसाला त्यातच सूट आहे, वेलाला नाही. असायलाही नको, डोकं आमचंही फुटतंच. पण पट्टीचा वेल हेल्मेटखाली मावत नाही. हेल्मेट सैल राहिलं तर घातल्याचा उपयोग काय? मास्तरांनी त्यांच्यासाठी पट्टीशिवायचा, एकेरी पातळ सुती वेल केला. तो डोक्याला चापून बसतो, टोकं झग्याच्या कॉलरखाली एका बटणाला अडकतात, त्यामुळे वाऱ्याने फडफडत नाहीत आणि चाकापर्यंत जायचा प्रश्नच येत नाही. पोचल्यावर पिशवीतला नेहमीचा वेल काढायचा, टिचबटणं लावायची, झालं. स्कूटरवाल्यांच्या झग्याला मागे एक खोल चुणीही आहे, बसल्यावर ती उघडते आणि गुडघे झाकलेले राहतात.

टिचबटणांचा आणखी एक उपयोग आम्हाला परीक्षेच्या वेळी कळला. २०१५ मध्ये वैद्यकीय प्रवेश परीक्षेला केरळात एका सिस्टरना वेल आणि क्रूस काढायला सांगण्यात आलं होतं आणि त्या परीक्षा न देताच परतल्या. ती बातमी आम्हा सगळ्यांच्या मनात होती. आमची एक तरुण सिस्टर नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेला निघाली तेव्हा घरात काळजीचंच वातावरण. तिच्या केंद्रावर महिला कर्मचाऱ्यांनी तिला पडद्याआड नेलं, वेल तपासला आणि परत दिला, अगदी अदबीने. तिने आरशाशिवाय, मिनिटाच्या आत तो पुन्हा घातला. टाचण्यांचा असता तर तपासणीत टाचण्या बाहेर ठेवाव्या लागल्या असत्या आणि पेपरभर तो सावरत बसावं लागलं असतं. तपासणी व्हावी, ती पडद्याआड व्हावी आणि वस्त्र परत मिळावं, एवढंच आमचं म्हणणं असतं. वेल सहज काढता-घालता आला तर समोरच्या कर्मचाऱ्यालाही अवघडल्यासारखं होत नाही.

दुरुस्ती हा या दुकानाचा मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग. हल्ली बहुतेक शिंपी जुना कपडा हातात घेत नाहीत. मास्तर घेतात. झगा सगळ्यात आधी कॉलरपाशी जातो, मानेच्या घडीवर विरतो. ते कॉलर सोडवतात, उलटवतात आणि परत शिवतात, झगा आणखी दोन वर्षं चालतो. पाठीचं कापड विरलं की धडक्या घेरातून नॉव्हिसांसाठी (व्रत घेण्याआधी शिकणाऱ्या मुलींसाठी) वेल किंवा चॅपेलसाठी रुमाल काढून देतात. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेत, कलम ६६९ मध्ये, आमचा वेष समर्पणाची खूण आणि गरिबीची साक्ष आहे असं लिहिलंय. उलटवलेल्या कॉलरीत ती साक्ष मला दिसते. नवा झगा सात-आठशेच्या शिलाईत होतो, कॉलर उलटवायचे ते साठ रुपये घेतात आणि कधी कधी तेही घेत नाहीत. मी मात्र देतेच. कारागिरांची घरं त्यावर चालतात.

तक्रारी आहेत. सांगितलेल्या दिवशी झगा तयार असेल याचा भरवसा नाही. लग्नसराईत तर विचारूच नये. पावती देत नाहीत, त्यामुळे हिशेब बघणाऱ्या सिस्टरांसमोर मला माझ्या वहीतलं टिपण दाखवावं लागतं. एकदा एकाच नावाच्या दोन सिस्टरांच्या बाह्या अदलाबदल झाल्या. एकीच्या मनगटावरून खाली, दुसरीच्या कोपराच्या थोड्याच पुढे. त्यांनी लगेच बदलून दिलं, पण तेव्हापासून आम्ही मापाच्या कागदावर नावाऐवजी धुण्याचा नंबर लिहितो. आमच्याकडे प्रत्येकीचा नंबर कॉलरच्या आत लाल दोऱ्याने घातलेला असतोच, मास्तर आता तो स्वतःच घालून देतात.

शिवायला टाकायचं असेल तर उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, टाका. त्या दिवसांत आपल्याकडे लग्नं नसतात, दुकान मोकळं असतं आणि मास्तर प्रत्येक झगा स्वतः बघतात. सोबत सगळ्यात जुना झगा घेऊन जा, तो कुठे फाटला, कुठे ताणला, कुठे डागाळला हे पाहूनच ते नवा कापतात. रोजच्या चपला पायांत असू द्या, उंची त्यावरच ठरते. आमचा गठ्ठा यंदा उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारनंतर लगेच जाणार आहे: चार नवे झगे, सहा कॉलरी आणि स्वयंपाकघरातल्या सिस्टरांसाठी एक जास्तीचा सुती.